निवृत्तीनंतरचे पहिले घर

पहिले घर घेणारा ग्राहक म्हटला की धोरणकर्त्यांच्या डोळ्यांपुढे तिशीतले, दोन पगारांचे जोडपे उभे राहते. सवलती, कर्जयोजना आणि जाहिराती त्याच्याच मापाने बेतलेल्या असतात. भिलाईतील स्मृती नगरच्या गल्ल्यांतून फिरताना मला मात्र दुसराच ग्राहक भेटतो. तो साठ वर्षांचा असतो आणि आयुष्यात प्रथमच घर विकत घेत असतो.

याचे कारण भिलाईच्या घडणीत आहे. सोव्हिएत साहाय्याचा करार १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबरच सेक्टरांत विभागलेले नगर उभे राहिले. घर, शाळा, इस्पितळ, पाणी हे सारे कंपनीचे. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूरहून चालत असे. त्यामुळे विदर्भातील माणसांना हा मुलूख परका नव्हता आणि अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. क्वार्टरमध्ये तीन-साडेतीन दशके गेली की स्वतःच्या घराची निकड भासत नाही. साठाव्या वर्षी ती एकदम दारात येते. सेल कंपनीने या शतकाच्या आरंभी काही घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली. पण भाडेपट्टा म्हणजे मालकी नव्हे. उरलेल्यांना कंपनीच्या हद्दीबाहेर पाहावे लागले. जुनवानी रस्त्यालगतची, गृहनिर्माण सहकारी संस्थेच्या आखणीतून वाढलेली स्मृती नगर ही अशांची एक वसाहत.

या ग्राहकाचा पहिला हिशेब पैशाचा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या मूल्याच्या ९० टक्के, तर ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्केच रक्कम मिळू शकते. मुद्रांक व नोंदणी शुल्क या मूल्यात सहसा धरता येत नाही. म्हणजे ४० लाखांच्या घरासाठी ३२ लाखांचे कर्ज मंजूर झाले, तरी आठ लाख स्वतःचे हवेत. शुल्क आठ टक्के धरले तर आणखी सव्वातीन लाख. वकील, दुरुस्ती आणि संस्थेचे हस्तांतर शुल्क वेगळेच.

साठीच्या माणसाला तर ३२ लाख मिळतच नाहीत. बँका मुदत त्याच्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या आत संपवू पाहतात. १५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १३,००० रुपये. दहा वर्षांसाठी तोच १८,६०० होतो. याउलट कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत वेतनमर्यादा १५,००० रुपयांची. वाढीव निवृत्तिवेतनाचा पर्याय न मिळालेल्या कामगाराच्या हाती त्यातून महिन्याला साडेसात हजारांच्या आसपासच रक्कम पडते. मग भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान एकरकमी ओतले जाते. तिशीतला ग्राहक चुकला तर पुढचा पगार त्याला सावरतो. येथे चूक झाली तर सावरायला काही उरत नाही.

दुसरा हिशेब कागदांचा, आणि तो अधिक कठीण. स्थावर संपदा कायदा (रेरा) १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. त्याने चटई क्षेत्राची व्याख्या निश्चित केली. करारनामा नोंदविण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली. ग्राहकांच्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवणे बंधनकारक केले. बांधकामातील रचनात्मक दोषांसाठी पाच वर्षांचे उत्तरदायित्वही ठेवले. हे सर्व मोलाचे आहे. परंतु ते विकासकाकडून घेणाऱ्यांसाठी. स्मृती नगरसारख्या वसलेल्या वसाहतीत घर प्रामुख्याने एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जाते. अशा पुनर्विक्रीत रेरा मध्ये येत नाही. ५०० चौरस मीटरांहून मोठ्या जमिनीचे भूखंड पाडून विक्री केली तर नोंदणी आवश्यक असते. म्हणूनच शहराच्या कडेला शेतजमिनीचे तुकडे एकेक करून विकण्याची चलाखी चालते. महाराष्ट्रातील वाचकांना गुंठेवारीची आठवण यावी, असाच हा प्रकार.

म्हणून ग्राहकाने काय पाहावे? छत्तीसगडमध्ये सातबाऱ्याच्या जागी बी-१ आणि खसरा असतो. तो ‘भुइयां’ या सरकारी संकेतस्थळावर दिसतो. आपण ज्याला बिगरशेती म्हणतो, त्याला तेथे व्यपवर्तन म्हणतात, फेरफाराला नामांतरण. आखणीला नगर तथा ग्राम निवेश विभागाची मंजुरी आहे का, भूखंड उद्यानासाठी वा शाळेसाठी राखलेला तर नाही ना, रस्ते व गटारे पालिकेकडे हस्तांतरित झाली आहेत का, विक्रेत्याच्या नावे संस्थेचे सभासदत्व आहे का, मूळ वाटपापासूनची खरेदीखतांची साखळी अखंड आहे का, हे एकेक तपासावे लागते. माझ्या परिचयातील एका निवृत्त फोरमननी या कागदांसाठी चार महिने घालवले. मधला एक व्यवहार केवळ मुखत्यारपत्रावर झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये ‘सूरज लॅम्प’ प्रकरणात स्पष्ट केले आहे की अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही. त्यांनी सौदा सोडला; इसाराची रक्कम मात्र बुडाली.

आणखी एक मोह टाळावा लागतो. कागदावर कमी किंमत दाखवून उरलेली रोखीने द्या, असा आग्रह विक्रेते धरतात. छत्तीसगडने २०१९ मध्ये मार्गदर्शक दर ३० टक्क्यांनी उतरवले होते. ती सवलत २०२४ मध्ये संपली. सरकारी दर आणि बाजारभाव यांत अंतर असले की रोखीला वाट मिळते. कमी दाखवलेल्या किमतीवर कर्जही कमी मिळते आणि वाद झाल्यास रोखीचा पुरावा नसतो.

मूळ प्रश्न असा की हे ओझे ग्राहकाच्याच शिरावर का? आपल्याकडे खरेदीखताची नोंदणी म्हणजे व्यवहाराची नोंद. शासन मालकीची हमी देत नाही. राजस्थानने २०१६ मध्ये शहरी जमिनीच्या मालकीला प्रमाणपत्र देणारा कायदा केला, नीती आयोगाने २०२० मध्ये निर्णायक मालकीहक्काचा आदर्श मसुदा मांडला. रेराच्या कलम १६ मध्ये जमिनीच्या मालकीच्या विम्याची तरतूद आहे. पण ती शासनाच्या अधिसूचनेवर अवलंबून आहे. निर्णायक मालकीहक्क एका दिवसात येणार नाही. परंतु महसुली नोंद, आखणीची मंजुरी, पालिकेची थकबाकी, बँकेचा बोजा आणि संस्थेचे सभासदत्व एकाच उताऱ्यावर दाखवणे हे आजच्या तंत्रज्ञानाला अवघड नाही. त्याला हवी ती खात्यांनी आपसांत बोलण्याची तयारी.

फोरमननी पुढे दुसरे, थोडे लहान घर घेतले. खोल्या किती, हे त्यांनी मला सांगितले नाही. खरेदीखतांची साखळी पूर्ण आहे, एवढेच समाधानाने सांगितले. पोलाद ओतण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला स्वतःच्या छपराखाली निर्धास्त झोपण्यासाठी चार महिने कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. त्यांचा इतका वेळ, चिकाटी आणि नशीब ज्यांच्यापाशी नाही, त्यांची गणती कोणत्याही गृहनिर्माण धोरणात आढळत नाही.