नवे रूळ आणि लहान गावांचा वाटा

वर्धा ते भुसावळ या ३१४ किलोमीटरांच्या टापूत तिसरा व चौथा लोहमार्ग टाकण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी मंजुरी दिली. त्यापूर्वी नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव-मनमाड चौथ्या मार्गास आणि भुसावळ-खंडवा तिसऱ्या व चौथ्या मार्गांस अशीच संमती मिळाली होती. भुसावळहून नागपूरकडे जाताना लागणारे आमचे वरणगाव वर्ध्याच्या या टापूतच येते. नवे रूळ आपल्या वेशीवरून जाणार ही वार्ता आनंदाची खरी. परंतु त्या रुळांवरून कोणाचा माल व कोणते उतारू जाणार, हा प्रश्न आजच विचारणे प्राप्त आहे. एकदा काम पुरे झाले म्हणजे तो विचारण्यात अर्थ राहणार नाही.

आमच्या मुलखात आगगाडी आली ती मुळी मालासाठी. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली, आणि पुढील चौदा वर्षांच्या आत, १८६७ साली, लोहमार्ग भुसावळवरून वऱ्हाड ओलांडून नागपुरास पोहोचला. वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरी नेणे हा त्यातील मोठा हेतू होता. रूळ टाकणाऱ्या कंपनीस सरकारने भांडवलावर शेकडा ५ व्याजाची हमी दिली होती. म्हणजे नफा भागीदारांचा आणि तोटा रयतेचा, असा तो व्यवहार. १९२५ साली त्या कंपनीचा कारभार सरकारने आपल्या हाती घेतला. मालक बदलला, आता रयतेच्या सोयीची व्यवस्था झाली काय, एवढेच पाहावयाचे.

निरनिराळ्या देशांत ही व्यवस्था निरनिराळी आहे. अमेरिकेत बहुतेक रूळ मालवाहू कंपन्यांच्या मालकीचे असून, १९७१ साली स्थापन झालेली अ‍ॅमट्रॅक ही संस्था लांब पल्ल्याचे उतारू त्यांच्याच रुळांवरून नेते. जपानने १९८७ साली आपल्या रेल्वेचे तुकडे करून उतारूंसाठी सहा कंपन्या व मालासाठी स्वतंत्र एक कंपनी केली. आपल्याकडे मात्र घर अविभक्त आहे. रूळ, गाड्या, भाडे व वेळापत्रक ही सारी एकाच हाती. १९०५ साली स्थापन झालेले रेल्वे बोर्ड वर, त्याखाली विभाग, आणि विभागाखाली मंडळे. आपण मध्य रेल्वेच्या भुसावळ मंडळात मोडतो.

या अविभक्त घरात कमावता एक व खाणारे अनेक, अशी स्थिती आहे. सन २०२३-२४ मध्ये रेल्वेने सुमारे १५९ कोटी टन माल वाहिला, त्यातला निम्म्याच्या आसपास कोळसाच होता. उत्पन्नाच्या दर तीन रुपयांतील सुमारे दोन रुपये मालाने दिले. उलट, प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच भाड्यातून वसूल होतात, असे रेल्वे आपल्या तिकिटावरच छापत आली आहे. गरिबाचा प्रवास स्वस्त असावा याबद्दल आमचा वाद नाही. तो असलाच पाहिजे. परंतु ती तूट मालाच्या भाड्यातून भरली जाते, आणि मालाचे भाडे चढले की व्यापारी रेल्वे सोडून ट्रककडे वळतो. शिवाय दोघांचा रूळ एकच. डाकगाडीस वाट देण्यासाठी मालगाडी बाजूच्या रुळावर तासन् तास उभी राहते. भाडे अधिक देऊन माल उशिरा पोहोचत असेल, तर व्यापाऱ्यास दोष कसा द्यावा?

लहान व्यापाऱ्याची अडचण याहूनही निराळी आहे. पूर्वी स्थानकावर जाऊन एखादी वाघीण मागता येत असे. आता रेल्वेस आख्खी मालगाडी भरून हवी. वीस वाघिणींच्या छोट्या गाडीची सवलत आहे. परंतु एका वाघिणीत साठ टनांच्या आसपास माल मावतो हे ध्यानी घेतले, तर ही छोटी गाडीदेखील बाराशे टन मागते. वरणगावच्या बाजारपेठेतील कोणता धान्याचा वा कापसाचा व्यापारी एका वेळी इतका माल उभा करील? कोळसा, सिमेंट व लोखंड यांच्या मोठ्या धन्यांस ही रचना सोयीची आहे. पेठेतल्या दुकानदारास स्थानकाचे दार जवळजवळ बंद आहे.

उतारूंतही हाच भेद दिसतो. कोरोनाच्या साथीत, मार्च २०२० मध्ये, गाड्या थांबल्या. पुढे त्या सुरू झाल्या तेव्हा साध्या पॅसेंजरच्या उतारूसही एक्स्प्रेसचे किमान भाडे मोजावे लागले, आणि ते पूर्ववत होण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडले. लांबच्या प्रवाशाला हा फरक जाणवलाही नसेल. परंतु रोज भुसावळ-जळगावला कामास वा शिक्षणास जाणाऱ्याच्या महिन्याच्या हिशेबात तो चांगलाच बोचला.

तथापि केवळ गाऱ्हाणे गाऊन भागणार नाही. सावदा, रावेर, निंभोरा येथील केळी रेल्वेने दिल्लीपर्यंत गेली, ती एकट्यादुकट्या बागाइतदाराच्या बळावर नव्हे. अनेकांनी माल एकत्र केला म्हणून गाडी भरली. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल्वे सुरू झाली, तिने तर थोडा माल असलेल्या शेतकऱ्यासही जागा दिली. अशा गाड्यांवरील निम्म्या भाड्याच्या अनुदानाने शेतकऱ्यास हात दिला. पण अनुदान आले तसे जाते, संघटना मात्र टिकते.

म्हणून आमचे सांगणे दोन्ही पक्षांस आहे. रेल्वेने नव्या मार्गांचे आराखडे करतानाच लहान स्थानकांवर चार-पाच वाघिणी भरण्याची सोय ठेवावी, आणि मोकळ्या होणाऱ्या रुळांवर साध्या गाड्यांस निश्चित वेळ राखून द्यावी. व्यापाऱ्यांनी व बागाइतदारांनी आपापला माल किती, कोणत्या महिन्यात व कोठे जातो, याची नोंद एकत्र करून ती मंडळ अधिकाऱ्यांपुढे ठेवावी. रेल्वेचे स्वतंत्र अंदाजपत्रक १९२४ पासून मांडले जात होते. ते २०१७ साली सर्वसाधारण अंदाजपत्रकात मिळाले. अशा वेळी आपल्या स्थानकाची बाजू दुसरे कोणी मांडील, या भरवशावर वरणगावकरांनी राहू नये. जमिनीची मोजणी होण्याआधी मागणीचा कागद तयार असावा.