शार्क्सचा सामना बघायला जाण्याआधी

2023-24 च्या हंगामात सॅन होजे शार्क्स या आइस हॉकी संघानं 82 पैकी 19 सामने जिंकले. पुढच्या हंगामात 20. दोन्ही वर्षी नॅशनल हॉकी लीगच्या 32 संघांत त्यांचा नंबर शेवटचा. सनीव्हेल, सॅन होजे, फ्रीमाँट या पट्ट्यात मराठी घरं कमी नाहीत आणि डिरिडॉन स्टेशनसमोरचं सॅप सेंटर हे शार्क्सचं सभागृह त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच आहे. पण सामन्याला जाऊ या म्हटलं की उत्तर येतं, ‘हरणाराच संघ ना तो? पैसे कशाला घालवायचे?’ या उत्तरामागे बरेच गैरसमज आहेत. ते दूर झाले तर एका चांगल्या संध्याकाळला लोक मुकणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे तळाचे संघ मुद्दाम हरतात. शेवटचा नंबर आला की ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिली पसंती मिळते. म्हणून खेळाडू जीव तोडून खेळतच नाहीत, असं सर्रास बोललं जातं. खरा प्रकार वेगळा आहे. संघ दुबळा होतो तो व्यवस्थापनाच्या खोलीत, बर्फावर नाही. शार्क्सच्या एरिक कार्लसननं 2022-23 मध्ये 101 गुण (स्वतःचे गोल आणि गोलला केलेली मदत मिळून) मिळवले. बचावपटूनं शंभरी गाठणं ही तीस वर्षांत न घडलेली गोष्ट होती. त्याच उन्हाळ्यात महाव्यवस्थापक माइक ग्रियर यांनी त्याला पिट्सबर्गला दिलं. टिमो मायर त्याआधीच न्यू जर्सीला गेला होता. मार्च 2024 मध्ये टोमाश हर्टल वेगासला गेला. हर्टलच्या बदल्यात आलेला तरुण डेव्हिड एडस्ट्रॉम पुढे नॅशव्हिलच्या व्यवहारात गेला आणि त्यातून यारोस्लाव्ह अस्कारोव्ह हा गोलरक्षक आला. आजचा तयार खेळाडू द्यायचा आणि चार वर्षांनी पिकणारा घ्यायचा, अशी ही देवाणघेवाण असते.

मागे उरलेल्या खेळाडूला मात्र हरण्यात कसलाच फायदा नाही. ज्याचा करार वर्षभरात संपणार आहे, त्याला पुढची नोकरी याच सामन्यांतून मिळवायची असते. शिवाय ड्राफ्टमधून येणारा अठरा वर्षांचा मुलगा कदाचित त्याचीच जागा घेणार असतो. नोव्हेंबर 2023 मध्ये शार्क्सनं लागोपाठच्या दोन सामन्यांत दहा-दहा गोल खाल्ले, व्हँकुव्हरकडून आणि मग पिट्सबर्गकडून. हंगामातले पहिले अकरा सामने हरून झाल्यावर फिलाडेल्फियाला 2-1 असं हरवलं, तो त्यांचा पहिला विजय. त्या खेळाडूंनी मुद्दाम हात आखडता घेतला असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

आणि शेवटचा नंबर आला की पहिली पसंती आपोआप मिळते, हेही खरं नाही. त्यासाठी सोडत असते आणि प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, न गाठलेले सगळे 16 संघ तिच्यात असतात. तळाच्या संघाला पहिली निवड मिळण्याची शक्यता साधारण 25 टक्के, म्हणजे चारात एक. 2024 मध्ये नशीब शार्क्सच्या बाजूनं होतं. त्यांनी मॅकलिन सेलेब्रिनीला निवडलं. 2025 मध्ये ते पुन्हा तळाला होते, पण न्यूयॉर्क आयलँडर्स दहाव्या जागेवरून उडी मारून पहिले आले. शार्क्सला दुसऱ्या निवडीवर मायकेल मिसा मिळाला.

दोन-तीन हिरे मिळाले की संघ वर येतोच, ही समजूत तर बफेलोच्या चाहत्यांसमोर बोलू नये. त्यांच्या संघानं 2018 आणि 2021 अशी दोनदा पहिली निवड केली, तरी 2011-12 पासून 2024-25 पर्यंत सलग 14 हंगाम त्यांना प्लेऑफ दिसलं नाही. शिकागोनं 2006 आणि 2007 च्या ड्राफ्टमधून टेव्झ आणि केन हे खेळाडू आणले आणि 2010 मध्ये स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. दोन्ही मार्ग शक्य असतात. म्हणूनच बांधणीच्या काळातला संघ बघण्यात रस आहे: काय होणार हे कोणालाच माहीत नसतं.

मग बघायचं काय? धावफलक सोडून एक खेळाडू धरावा. सेलेब्रिनीनं पहिल्याच हंगामात 70 सामन्यांत 63 गुण मिळवले. त्याच्यासोबत विल स्मिथ, 2023 च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या क्रमांकावर निवडलेला. पहिल्या वर्षी सेलेब्रिनी जो थॉर्नटनच्या घरी राहिला आणि स्मिथ पॅट्रिक मार्लोच्या घरी. 2016 मध्ये अंतिम फेरी गाठणाऱ्या शार्क्सचे हे दोन मोठे खेळाडू. जुन्या पिढीनं नव्या पिढीला असं घरात घेणं मला या सगळ्या बांधणीतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. खेळाडू साधारण पाऊण मिनिटानं बर्फावरून उतरतो आणि दुसरा चढतो. तुमचा खेळाडू चढला की पककडे, म्हणजे खेळातल्या रबरी चकतीकडे, न बघता त्याच्याकडेच बघा: पक नसताना तो कुठं जातो, पक हरवल्यावर किती वेगानं मागे वळतो. आठ-दहा फेऱ्यांत त्याची सवय कळायला लागते.

जागेबद्दलही उलटा समज आहे. काचेजवळची खुर्ची सर्वांत चांगली, असं वाटतं. तिथे वेग आणि धडक अंगावर येते, हे खरं. पण पलीकडच्या गोलापाशी काय चाललंय ते दिसत नाही. पक जेमतेम तीन इंच व्यासाचा, एक इंच जाडीचा. तो दिसत नाही ही तक्रार नव्या प्रेक्षकाची असते. वरच्या मजल्यावर बसलं की पाच खेळाडूंची रचना उलगडते आणि पक कुठे जाणार हे त्याच्या आधी समजतं. पहिल्यांदा जाणाऱ्यानं वरचंच तिकीट घ्यावं. ते स्वस्तही असतं.

मारामारीच बघायला मिळते, हाही समज आता जुना झाला. मारामारीला पाच मिनिटं बाहेर बसण्याची शिक्षा असते आणि बहुतेक सामन्यांत ती होतच नाही. मुलांना खुशाल न्यावं.

याआधीही हा संघ तळाला होता. 1992-93 मध्ये, डेली सिटीतल्या काउ पॅलेसमध्ये खेळत असताना, त्यांनी 84 पैकी 71 सामने गमावले. पुढच्या हंगामात ते सॅन होजेच्या नव्या सभागृहात आले, 24 गुणांवरून 82 वर गेले आणि प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत बलाढ्य डेट्रॉइटला सात सामन्यांत हरवलं. त्या वेळच्या प्रेक्षकांपैकी बऱ्याच जणांनी काउ पॅलेसमधले पराभवही पाहिले होते.

जाताना एक जाकीट न्या, आत गारवा असतो. सामन्याच्या अर्धा तास आधी सराव सुरू होतो, तो चुकवू नका. कोणा खेळाडूचा लीगमधला पहिलाच सामना असेल तर सहकारी मागे थांबतात आणि त्याला बर्फावर एकट्याला फेरी मारू देतात. खेळ चालू असताना जागेवरून उठू नका. बाहेरून परत आलात तर खेळ थांबेपर्यंत कर्मचारी तुम्हाला जिन्याच्या तोंडाशीच उभं करतात. तो इथला रिवाज आहे. वीस मिनिटांचे तीन भाग आणि मध्ये दोन लांब विश्रांती, म्हणजे खाण्यापिण्याला वेळ भरपूर मिळतो.