मधपेटीतील कीड मारा, माशी राखा



आपल्या जालना जिल्ह्यात कांद्याचे बी घेणारे शेतकरी पुष्कळ आहेत. कांद्याच्या गोंड्यात एका फुलातला पराग आधी गळतो आणि त्याच फुलातले स्त्रीकेसर मागाहून तयार होते. म्हणून पराग फुलाफुलांवर नेणारी माशी लागतेच. माशी नसली तर गोंडा भरगच्च दिसतो, पण बी थोडेच भरते.

यासाठी शेतात मधपेट्या ठेवतात. पण पेटीत कीड दिसली, की काही जण घाईने पिकावरची पावडर आत टाकतात. असे कदापि करू नका. मेणकिडाही कीटक आणि माशीही कीटकच! एकाला मारणारे विष दुसरीला सोडत नाही, शिवाय ते मेणात व मधात उतरते.

मेणकिडा : याचा पतंग रात्री पेटीत शिरून फटीत अंडी घालतो. अळ्या पोळे पोखरून जाळी करतात. उन्हाळ्यात फुलोरा संपला, माशा कमी झाल्या, की याचे फावते. माशांनी न झाकलेली जादा पोळी काढून घ्या. तळपाट दर आठवड्याला खरवडून उन्हात तापवा. फटी बुजवा. काढलेल्या रिकाम्या पोळ्यांना बंद खोक्यात गंधकाची धुरी द्या. धुरीने अंडी मरत नाहीत, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा द्या. माशा असलेल्या पेटीला मात्र गंधकाची धुरी मुळीच नको.

मुंग्या : घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. आपल्याकडच्या उन्हात पाणी लवकर आटते, तेव्हा रोज बघा. पेटीखालचे गवत काढा. फांदी पेटीला टेकली, तरी मुंग्यांना वाट मिळते बरं का!

गांधील माशी : दारावर टपून ती माशा उचलते. पेटीचे दार अरुंद करा. जवळपासचे गांधीलमाश्यांचे पोळे शोधून जाणकाराच्या मदतीने नष्ट करा.

आणखी एक गोष्ट. फुलोऱ्यात शक्यतो फवारणी टाळा. करावीच लागली, तर माशा घरी परतल्यावर संध्याकाळी करा आणि शेजाऱ्यालाही आदल्या दिवशी सांगा. आपली पेटी कितीही स्वच्छ असली, तरी माशी बांध ओळखत नाही.

भरलेली पेटी स्वतःची राखण स्वतः करते. म्हणून टंचाईच्या दिवसांत पेटीला सावली, जवळ पाणी आणि साखरेचा पाक द्या. अडचण आली, तर खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.