भाकरीतले लोह

घरभेटीस गेलो म्हणजे हल्ली फळीवर ताकदीच्या पावडरीचा डबा हमखास दिसतो. पोराच्या अंगात बळ यावे म्हणून तो आणलेला असतो, आणि पुष्कळदा घरची बाजरी विकून आणलेला असतो. हा व्यवहार आम्हाला उलटा वाटतो.

बायाबापड्यांच्या अंगात रक्त कमी, ही आपल्याकडची जुनी तक्रार. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या शंभरातील 57 स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक. अन्नात लोह कमी पडणे हे त्यांतील मोठे.

हैदराबादजवळ पाटनचेरू येथील इक्रिसॅट संस्था व राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या कामातून ‘धनशक्ती’ बाजरी निघाली. 2014 साली तिला केंद्राची मान्यता मिळाली. मूळ बी आफ्रिकेतील टोगो देशाच्या गावठी बाजरीचे. तिच्या किलोभर दाण्यात सुमारे 71 मिलिग्रॅम लोह असते. नेहमीच्या संकरित बाजरीत 47 च्या आसपास. जस्तही अधिक. हे लोह वरून मिसळलेले नाही. जादा लोहाची झाडे निवडत निवडत हे वाण तयार केले आहे.

नगर जिल्ह्यात (आताचा अहिल्यानगर) 12 ते 16 वर्षांच्या शाळकरी मुलांना सहा महिने दोन्ही वेळा या बाजरीची भाकरी दिली गेली. चौथ्या महिन्यालाच त्यांच्या अंगातील लोहाचा साठा वाढलेला दिसला. ज्यांना आधी लोह कमी होते त्यांना विशेष गुण आला. हा अहवाल 2015 साली प्रसिद्ध झाला.

तरी भाकरी म्हणजे औषध नव्हे. गरोदर बाईने डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. भाकरीबरोबर लिंबू किंवा आवळा असावा, त्याने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. (ही चहाची सवय मोडणे किती कठीण, हे आम्ही स्वतःवरून जाणतो.)

आता शेताचे. धनशक्तीचा उतारा चांगल्या संकरित वाणापेक्षा कमी, हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणून अथणीकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांनी विक्रीसाठी संकरित खुशाल पेरावी, पण घरच्या खाण्यापुरते एक एकर या बाजरीला द्यावे. एकरी दीड किलो बी पुरते. हे सुधारित वाण आहे, संकरित नव्हे. तेव्हा बी घरी राखता येते. मात्र बाजरीचा पराग वाऱ्याने उडतो. बियाण्याचा तुकडा दुसऱ्या बाजरीपासून निदान दोनशे मीटर दूर असावा, आणि कणसे रानाच्या मधल्या भागातील निवडावीत. पहिले बी घेताना पिशवीवर वाणाचे नाव व प्रमाणित बियाण्याची निळी चिठ्ठी पाहून घ्यावी.

गृहिणींसाठी एक गोष्ट राहिली. बाजरीचे पीठ लवकर कडवते. चार-पाच दिवसांपुरतेच दळून आणावे.