गोठ्याभोवतालचा चिखल व त्याचे निवारण
वाशीम जिल्ह्यातील पैनगंगाकाठच्या काळ्या जमिनीत पाणी शोषून फुगणाऱ्या चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. पावसाळ्यात अशी जमीन खुरांनी तुडविली जाऊन चिखल होतो. त्यात सतत उभ्या राहणाऱ्या जनावरांची खुरे मऊ पडून सडू लागतात व कासदाहाचा संभव वाढतो. चिखलावर नुसता मुरूम पसरणे व्यर्थ होय. तो मऊ मातीत रुतून नाहीसा होतो. प्रथम पागोळ्यांचे पाणी पन्हळीने दूर न्यावे व चढाच्या बाजूस चर खणावा. नंतर चिखल खरवडून काढावा, मुरूम थराथराने धुमसावा व ४० फुटांस १ फूट उतार राखावा. पाण्याची वाट न बदलल्यास मुरमाचा खर्च दरवर्षी नव्याने करावा लागतो.