मोफत बंदूक योजना

मोफत बंदूक योजना ही ग्राहक मिळविण्यासाठी वस्तू किंवा सेवेच्या खरेदीबरोबर बंदूक, अथवा बंदूक विकत घेण्याचे कूपन, भेट म्हणून देण्याची विक्रीवृद्धीची पद्धत आहे. ती प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळते. बँका, मोटार विक्रेते व इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुकाने अशा व्यवसायांनी, ज्यांचा शस्त्रविक्रीशी एरवी संबंध नसतो, ही पद्धत वापरली आहे.

स्वरूप

जाहिरातीत 'मोफत बंदूक' असे म्हटले असले तरी बहुतेक योजनांत दुकानदार ग्राहकाच्या हाती प्रत्यक्ष शस्त्र देत नाही. ग्राहकाला ठरावीक रकमेचे कूपन मिळते व ते परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे वापरावे लागते. तेथे त्याची कायद्याने ठरविलेली तपासणी होते. तपासणीत तो अपात्र ठरल्यास त्याला त्या विक्रेत्याकडून बंदूक मिळू शकत नाही.

उल्लेखनीय उदाहरणे

मिशिगन राज्यातील नॉर्थ कंट्री बँकेने मुदत ठेव ठेवणाऱ्या ग्राहकांना व्याजाच्या बदल्यात वेदरबी कंपनीची बंदूक देऊ केली होती. या बँकेकडे शस्त्रविक्रीचा संघीय परवाना होता. मायकेल मूर यांच्या 'बोलिंग फॉर कोलंबाइन' (२००२) या माहितीपटाच्या आरंभी मूर या बँकेत खाते उघडून रायफल घेऊन बाहेर पडताना दिसतात. हा प्रसंग वादग्रस्त ठरला. एरवी बंदूक त्याच दिवशी शाखेत मिळत नसे, असे टीकाकारांचे म्हणणे होते. मूर यांनी हा आक्षेप फेटाळला. या माहितीपटाला २००३ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला आणि ही योजना जगभर माहीत झाली.

मिसूरी राज्यातील बटलर येथील मॅक्स मोटर्स या मोटार विक्रेत्याने २००८ मध्ये गाडी घेणाऱ्यास २५० डॉलरचे इंधन किंवा पिस्तुलासाठी तेवढ्याच रकमेचे कूपन यांपैकी एक निवडण्याची मुभा दिली. बहुतेकांनी बंदुकीचा पर्याय निवडल्याचे विक्रेत्याने सांगितले. पुढील वर्षी याच विक्रेत्याने एके-४७ पद्धतीच्या अर्धस्वयंचलित रायफलीसाठी कूपन देऊ केले. २०१० मध्ये फ्लोरिडातील सॅनफर्ड येथील एका ट्रक विक्रेत्याने अशीच योजना जाहीर केली. २०१९ मध्ये अलाबामातील चॅटम येथील एका फोर्ड विक्रेत्याने गाडीबरोबर बायबल, राष्ट्रध्वज आणि बारा बोअरच्या बंदुकीचे कूपन देऊ केले. फोर्ड कंपनीने ही जाहिरात थांबविण्यास सांगितल्याचे वृत्त त्यानंतर प्रसिद्ध झाले.

कायदेशीर बाजू

अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने (१७९१) शस्त्र बाळगण्याच्या हक्काला संरक्षण दिले आहे. १९६८ च्या शस्त्र नियंत्रण कायद्यानुसार शस्त्रांचा व्यापार करण्यासाठी संघीय परवाना लागतो. परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल किंवा शॉटगन घेण्यासाठी किमान वय १८ वर्षे, तर पिस्तुलासाठी २१ वर्षे आहे. ग्राहकाला '४४७३' क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो. नोव्हेंबर १९९८ पासून एफबीआयच्या राष्ट्रीय यंत्रणेमार्फत त्याच्या गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी केली जाते.

बंदूक भेट मिळाली म्हणून या तपासणीतून सूट मिळत नाही. परवानाधारकाने विनामूल्य दिलेल्या शस्त्रालाही हीच प्रक्रिया लागू होते. मात्र संघीय कायद्यानुसार एकाच राज्यातील दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहाराला अशी तपासणी बंधनकारक नाही. काही राज्यांनी ती आपल्या कायद्याने आवश्यक केली आहे. त्यामुळे योजनेत मिळालेली बंदूक ग्राहकाने पुढे दुसऱ्याला विकल्यास, अनेक राज्यांत त्या दुसऱ्या व्यक्तीची तपासणी होत नाही.

समर्थन व टीका

समर्थकांच्या मते बंदूक ही कायदेशीर वस्तू असून शिकार व स्वसंरक्षण हा ग्रामीण जीवनाचा भाग आहे. त्यामुळे ती भेट देण्यात गैर काही नाही. अशा जाहिरातींची बातमी होत असल्याने छोट्या व्यावसायिकाला फारसा खर्च न करता प्रसिद्धीही मिळते. विक्रेता आपण ग्राहकाच्याच विचारांचे आहोत, असा संदेशही त्यातून देतो.

टीकाकारांच्या मते या योजनांमुळे प्राणघातक शस्त्र घड्याळ किंवा भांड्यांच्या संचासारखी सामान्य भेटवस्तू ठरते. गाडी घेण्यासाठी आलेल्या माणसाने बंदूक घेण्याचा विचार केलेला असतोच असे नाही. पार्श्वभूमी तपासणीत पूर्वीची शिक्षा वा न्यायालयीन मनाई समजते. परंतु घरात लहान मुले आहेत का, शस्त्र कुलूपबंद ठेवले जाईल का, हे तपासले जात नाही. सामूहिक गोळीबाराच्या घटनांनंतर हा आक्षेप अधिक तीव्रतेने मांडला जातो.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक बाळगण्यासाठी परवाना आवश्यक असून किमान वय २१ वर्षे आहे. शस्त्राची विक्री व हस्तांतरण यांवरही निर्बंध आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने सर्वसाधारण परवानाधारकास जास्तीत जास्त दोन शस्त्रे बाळगण्याची मर्यादा घातली. त्यामुळे खरेदीबरोबर बंदूक देण्याची योजना येथे सर्वसामान्य ग्राहकांसाठी राबविता येत नाही. मात्र २००८ मध्ये मध्य प्रदेशातील शिवपुरी जिल्हा प्रशासनाने पुरुष नसबंदी करून घेणाऱ्यांना शस्त्र परवाना मिळविण्यात प्राधान्य देऊ केले होते. ही व्यापारी योजना नव्हती आणि तीत बंदूक नव्हे, तर परवाना मिळण्यातील सवलत हे प्रलोभन होते.