कप कुणासाठी?

कोल्हापुरातल्या एका कला महाविद्यालयात मी मातीकाम शिकवतो. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. पहिल्या तासाला मी मुलांना चाकावर बसवत नाही. एकच प्रश्न विचारतो : कप कुणासाठी करायचा? मुले हसतात. ‘चहा पिणाऱ्यासाठी,’ म्हणतात. आपल्या समाजात हे उत्तर इतके सोपे कधीच नव्हते.

बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराने १९४० साली ‘अ पॉटर्स बुक’ हे पुस्तक लिहिले. रोजच्या वापराचे भांडे हीसुद्धा कलाकृतीच, हा त्याचा आग्रह. स्टुडिओ पॉटरीच्या घडणीत या विचाराचा मोठा वाटा आहे. मला तो मान्य आहे. पण वापर कुणाचा, हे आपल्याला विचारावेच लागते.

माझ्या आज्याच्या तरुणपणी गावातल्या हॉटेलात आमच्या वस्तीचा कप वेगळा असे. बाहेर वळचणीला ठेवलेला, कान तुटलेला. आजा तो स्वतः विसळी, वरून ओतलेला चहा घेई आणि कप पुन्हा जागच्या जागी ठेवी.

आता मातीचे शास्त्र पाहू. साधे मडके साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजते. कण एकमेकांना चिकटतात, पण मधली सूक्ष्म छिद्रे बुजत नाहीत. त्यांतून पाणी झिरपते, त्याची वाफ होते, म्हणून माठातले पाणी गार राहते. विटाळलेले पितळी भांडे राखेने घासून घ्यावे, मातीचे मात्र फोडावे, या रिवाजाचे समर्थन याच छिद्रांवरून करता येईल : माती शोषून घेते, ती धुऊन निघत नाही.

पण स्टोनवेअर १२०० ते १३०० अंशांना भाजतात. मातीचा काही भाग वितळून छिद्रे बुजतात. वर ग्लेझचा, म्हणजे वितळून बसलेल्या काचेचा थर असतो. असा कप जवळजवळ काही शोषत नाही. धुतला की स्वच्छ. आज्याचा कपही चिनीमातीचा, ग्लेझ दिलेलाच होता. मग तो वेगळा का? विटाळ छिद्रांत असता तर भट्टीनेच तो संपवला असता. तो मातीत नव्हताच. मनुस्मृतीचा दहावा अध्याय चांडाळांना फुटक्या भांड्यांत जेवायला सांगतो. तेव्हा तो तुटका कान निव्वळ अपघात कसा म्हणावा?

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी (राज्यकाल १८९४ ते १९२२) गंगाराम कांबळे यांना चहाचे हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. त्यांना नव्या मातीची गरज पडली नाही.

म्हणून कान जोडण्याचा धडा मी सावकाश घेतो. कप चामड्याइतका घट्ट झाला की दोन्ही बाजूंना ओरखडे काढायचे, पातळ माती लावायची, मगच कान दाबायचा. कप सुकलेला आणि कान ओला असेल तर वाळताना सांधा सुटतो. काठ ओठाला टोचू नये. तळाला ग्लेझ राहिले तर कप भट्टीतल्या फळीला चिकटतो.

सत्र संपताना सगळे कप एकाच फळीवर मांडतो. ज्याच्या हाती जो येईल, त्यात त्याने चहा घ्यायचा. एखादा अजूनही कचरतो. तेव्हा मी पहिल्या तासाचा प्रश्न पुन्हा विचारतो.